धर्मादाय खाटांचा हिशोब कोण मागणार?



आपल्या वस्तीतील एखादा माणूस आजारी पडला आणि डॉक्टरांनी मोठ्या रुग्णालयाचे नाव घेतले, की घरात पहिला प्रश्न निघतो तो पैशाचा. त्यापाठोपाठ दुसरा निघतो तो ओळखीचा. किती लागतील, आणि कोणाची ओळख आहे का? या दोन प्रश्नांत अर्धी रात्र सरते. कोणी दागिना मोडावयास काढतो, कोणी सावकाराचे दार ठोठावतो, कोणी नगरसेवकाच्या ओट्यावर जाऊन बसतो. तिसरा एक प्रश्न आहे, जो वास्तविक सर्वांत आधी विचारला पाहिजे, तो मात्र कोणी विचारीत नाही. या रुग्णालयाकडून आपल्या माणसाचे काही कायदेशीर येणे आहे काय?

पुष्कळ वेळा असते, आणि ते थोडेथोडके नसते.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० हा कायदा आपल्यापैकी अनेकांना विहाराच्या नोंदणीमुळे ठाऊक आहे. ज्या कायद्याखाली आपल्या पत्र्याच्या विहाराची नोंद होते, त्याच कायद्याखाली शहरातील टोलेजंग रुग्णालये चालविणाऱ्या विश्वस्तसंस्थांचीही नोंद झालेली आहे. अशा संस्थांना प्राप्तिकरात सूट मिळते. कित्येकांना सरकारी जमीन नाममात्र भाड्याने मिळाली, कित्येकांना वाढीव चटईक्षेत्र मिळाले. सूट म्हणजे सरकारने सोडून दिलेला पैसा. आणि सरकारचा पैसा म्हणजे साबणाची वडी नि चपलेचा जोड विकत घेताना तुम्ही-आम्ही भरलेला कर. म्हणजे ज्या दाराशी आपण संकोचाने उभे राहतो, त्या दाराच्या लाकडात आपलाही पैसा आहे.

या कायद्याच्या कलम ४१ कक अन्वये अशा रुग्णालयांना गरिबांकरिता खाटा राखून ठेवण्यास फर्माविण्याचा अधिकार आहे. कलम पुस्तकात होते आणि खाटा श्रीमंतांच्या अंगाखाली होत्या. अखेर मुंबई उच्च न्यायालयापुढे जनहित याचिका गेली, आणि ऑगस्ट २००६ मध्ये न्यायालयाने एक योजना घालून देऊन ती या रुग्णालयांवर बंधनकारक केली. महाराष्ट्रात अशी रुग्णालये चारशेहून अधिक आहेत. त्यांतील एकूण खाटांपैकी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी पूर्ण मोफत, आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दराने. निर्धन कोण आणि दुर्बल कोण, हे कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नावरून ठरते. २००६ साली ही मर्यादा अनुक्रमे २५ हजार व ५० हजार रुपये होती. ती वाढत वाढत आता १ लाख ८० हजार व ३ लाख ६० हजार अशी झाली आहे. हे आकडे पुन्हा एकदा वाचा. बिगारी, घरकामवाली, रिक्षावाला, कंत्राटी सफाई कामगार, दुकानातला नोकर अशी आपल्या वस्तीतील किती घरे या मर्यादेच्या बाहेर राहतात?

निर्धन रुग्णाकडून खाटेचे, शुश्रूषेचे, निवासी डॉक्टरांच्या सेवेचे, तपासण्यांचे, चादरीचे, पाण्याविजेचे, आणि रुग्णालय जेवण पुरवीत असेल तर जेवणाचेही पैसे घ्यावयाचे नाहीत. औषधे, शस्त्रक्रियेचे साहित्य आणि शरीरात बसवावयाची उपकरणे यांचा खर्च खरेदीच्या किमतीने एका स्वतंत्र निधीतून भागवावयाचा. दुर्बल घटकातील रुग्णाने या औषध-साहित्याच्या बिलापैकी किमान निम्मी रक्कम भरावयाची. त्या स्वतंत्र निधीचे नाव ‘निर्धन रुग्ण निधी’. तो भरतो कसा, हे नीट ध्यानात घ्या, कारण सगळ्या वादाचे मर्म तेथे आहे. इतर सर्व रुग्णांना जी बिले केली जातात, त्यांच्या एकूण रकमेच्या २ टक्के रक्कम रुग्णालयाने या निधीत टाकावयाची असते. विश्वस्तांच्या खिशातून त्यासाठी दमडी निघत नाही. शेजारच्या खोलीतील धनिकाने आपले बिल चुकते केले, त्याच क्षणी तुमच्या औषधाचा वाटा त्या निधीत जमा व्हावयास हवा होता. अशा स्थितीत कारकुनाने तुम्हांस ‘फंड संपला’ असे सांगितले, तर तो स्वतःच्या घरचा धान्याचा कणगा रिकामा झाल्याच्या स्वरात सांगतो; आणि आपणही मान खाली घालून परत फिरतो! कोणाचा फंड? कोणत्या महिन्यात किती जमा झाला, किती रुग्णांवर खर्ची पडला? हे विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे, इतकेही आपल्या मनात येत नाही.

माझ्याकडे काही काळापूर्वी एक गृहस्थ आले. गवंडीकाम करणारे, धम्मदीक्षा घेतलेले, घरात बाबासाहेबांचे ग्रंथ असलेले. पत्नीच्या शस्त्रक्रियेसाठी दरमहा शेकडा पाच व्याजाने काढलेल्या कर्जाचा कागद त्यांच्या हातात होता. सावकाराविरुद्ध काही करता येईल का, असे ते विचारीत होते. रुग्णालयाचे नाव पाहताच मी विचारले, की तुमची शिधापत्रिका पिवळी आहे, मग धर्मादाय खाटेसाठी अर्ज का केला नाही? त्यांनी ताठ मानेने उत्तर दिले, “वकीलसाहेब, आम्ही काय भिकारी आहोत? भीक मागणे सोडले म्हणून तर आम्ही बौद्ध झालो.”

या उत्तरापुढे क्षणभर कोणीही निरुत्तर होईल. ज्या समाजाने मेलेली ढोरे ओढण्याचे सोडले, येसकरकीची भाकरी सोडली, लाचारीचे प्रत्येक चिन्ह अंगावरून उतरवून टाकले, त्याला ‘धर्मादाय’ या शब्दाची शिसारी यावी हे स्वाभाविकच आहे. ‘निर्धन’ हा शिक्का कपाळी मारून घेण्याची लाज वाटावी, हेही समजण्यासारखे आहे. परंतु ही लाज चुकीच्या पत्त्यावर जाते, असे माझे स्पष्ट मत आहे. दिवाणी न्यायालयात दावा लावण्यास न्यायालय-शुल्क भरावे लागते. ज्याची ऐपत नाही, त्याला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३३ खाली निर्धन व्यक्ती म्हणून शुल्क न भरता दावा लावता येतो. असा दावा जिंकून ज्याने आपली जमीन परत मिळविली, त्याला न्यायाधीशाने भीक घातली असे आजवर कोणी म्हटले आहे काय? तेथे ‘निर्धन’ हा शब्द माणसाची किंमत सांगत नाही, त्याच्या मिळकतीचा आकडा सांगतो. रुग्णालयातही त्याचा अर्थ तेवढाच आहे. येणे असलेली रक्कम वसूल करणारा धनको लाजत नसतो. लाजावयाचे कोणी असेल, तर ते देणे बुडविणाऱ्याने.

शिवाय हाही विचार करा, की भिकेची लाज बाळगणारे आपण शिफारसपत्र आणावयास मात्र आनंदाने धावतो. आमदारांचे पत्र, नगरसेवकांचा फोन, पक्षाच्या कार्यकर्त्याची चिठ्ठी! खाट मिळाली की त्या कार्यकर्त्याचे उपकार आयुष्यभर वागवावयाचे आणि पुढल्या निवडणुकीत फेडावयाचे. जी गोष्ट कायद्याने आधीच आपली आहे, ती दुसऱ्याच्या दातृत्वाची बनवून त्याच्याच हातून घेणे, हीच खरी भीक होय.

शिफारशीची ही रीत किती जुनी आहे, हे बाबासाहेबांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या छोट्याशा आत्मकथनात दिसते. १२ डिसेंबर १९२९ च्या ‘यंग इंडिया’त छापून आलेली काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाची हकीकत बाबासाहेबांनी तेथे नमूद केली आहे. शिक्षकाची पत्नी बाळंत झाली आणि दोनच दिवसांनी आजारी पडली. डॉक्टर अस्पृश्याच्या घरी येण्यास तयार होईना. शिक्षकाने गावच्या नगरशेठचे व दरबाराचे पाय धरले. दोन रुपये फीबद्दल नगरशेठ जामीन राहिला, तेव्हा डॉक्टर आला. पण वस्तीच्या बाहेरच तपासीन, या अटीवर. ओल्या बाळंतिणीला तान्ह्या लेकरासह वस्तीबाहेर आणावे लागले. डॉक्टरने तापमापक एका मुसलमान माणसाच्या हाती दिला, त्याने तो शिक्षकाच्या हाती दिला, शिक्षकाने पत्नीला लावला, आणि त्याच मार्गाने तो परत गेला. दिव्याच्या उजेडात पारा पाहून डॉक्टरने न्यूमोनियाचे निदान केले, औषध पाठविले, आणि फी मिळूनही पुन्हा तिला पाहण्याचे नाकारले. ती माउली गेली.

ही हकीकत आपण अस्पृश्यतेची म्हणून वाचतो, आणि ती तशी आहेच. परंतु वकिलाच्या नजरेला तीत आणखी एक गोष्ट दिसते. तो शिक्षक शिकलेला होता, फी देण्याची त्याची तयारी होती, त्याला डॉक्टरही ठाऊक होता. त्याच्याजवळ नव्हते ते एवढेच, की त्याच्या बाजूने उभा राहील असा कायदा आणि सोबत उभी राहील अशी माणसे. म्हणून त्याला नगरशेठची जामीनकी शोधावी लागली. आज कायदा आहे. तापमापक हातोहात फिरत नाही. त्याच्या जागी अनामत रकमेची मागणी आली आहे, आणि नगरशेठच्या जागी शिफारसपत्र देणारा आला आहे. सोबतीची माणसे मात्र आजही नाहीत. ती का नाहीत, याचे उत्तर आपल्याला द्यावे लागेल, कारण तो दोष रुग्णालयांच्या माथी मारता येत नाही.

अनामतीचा विषय निघालाच आहे, म्हणून सांगतो. मार्च २०२५ मध्ये पुण्यात एका गर्भवती भगिनीचा मृत्यू झाला, आणि एका धर्मादाय रुग्णालयाने तिच्या कुटुंबाकडे लाखो रुपयांची अनामत मागितल्याच्या आरोपावरून महाराष्ट्रभर संताप उसळला. आंदोलने झाली, चौकशा झाल्या, तातडीच्या रुग्णाकडे अनामत मागू नये अशी भाषा सर्वांच्या तोंडी आली. नवल याचे वाटते, की ती तरतूद २००६ च्या योजनेतच होती. तातडीच्या रुग्णाला ताबडतोब दाखल करून घ्यावे, प्रकृती स्थिर होईतो जीवरक्षक उपचार करावेत, अनामत मागू नये, हे जवळजवळ दोन दशके लिहिलेले होते. लिहिलेले होते आणि कोणी वाचून दाखवीत नव्हते. रात्री दीड वाजता, रुग्ण स्ट्रेचरवर असताना, एकटा घाबरलेला नवरा ते कोठून वाचून दाखविणार?

एकट्याला ते जमत नाही, याचा मोठा दाखला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातच आहे. ८ जुलै १९९२ रोजी पश्चिम बंगालमध्ये एक शेतमजूर आगगाडीतून पडला. डोक्याला गंभीर दुखापत झाली. एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही, सोय नाही, असे सांगून त्याला परत पाठविले. शेवटी खासगी रुग्णालयात सुमारे १७ हजार रुपये खर्चून तो वाचला. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले, की वेळेवर उपचार न देणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भंग आहे, आणि पैशाची अडचण ही शासनाला सबब होऊ शकत नाही. मजुराला २५ हजार रुपये भरपाई मिळाली. कायद्याचे विद्यार्थी या निकालाचा सिद्धांत पाठ करतात. मी मात्र आपल्याला त्या खटल्याचे नाव वाचावयास सांगेन : पश्चिम बंग खेत मजदूर समिती विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य. डोके फुटलेला मजूर एकटा दिल्लीपर्यंत गेला नाही. त्याची समिती त्याच्यासह न्यायालयात उभी राहिली. आपल्या किती वस्त्यांत अशी समिती आहे?

येथे कोणी म्हणेल, आमच्याकडे मंडळ आहे, आम्ही दर १४ एप्रिलला आरोग्य शिबिर घेतो. घ्या, जरूर घ्या. पण त्या शिबिराचा हिशोब एकदा मांडून पाहा. मंडप, फलक, पाहुण्यांचा हार, ध्वनिक्षेपक, आणि शेवटी रक्तदाब मोजून हातात दिलेली लोहाच्या गोळ्यांची पुडी. ज्याला शिबिरात हृदयाचा दोष निघाला, त्याला ‘मोठ्या दवाखान्यात दाखवा’ असे लिहून दिले जाते. त्या मोठ्या दवाखान्याच्या दारापर्यंत त्याच्यासोबत कोण जातो? १५ एप्रिलला मंडप सोडला जातो, आणि तो माणूस कागद घेऊन एकटा उरतो. पुण्याचे काम एका दिवसात उरकते. हक्काचे काम वर्षभर पुरते, आणि त्यात हार-तुरे मिळत नाहीत. म्हणून ते आपल्याला गोड लागत नाही, असे मी म्हटले तर रागावू नका.

भगवंतांनी आजारी भिक्खूची शुश्रूषा केल्याची कथा आपण वर्षावासात ऐकतो. अतिसाराने पीडित, स्वतःच्या मलमूत्रात पडलेला भिक्खू. आनंदासह त्याला आपल्या हातांनी धुणारे तथागत. कथा सांगणारे बहुधा येथेच थांबतात आणि श्रोत्यांचे डोळे पाणावतात. विनयपिटकाच्या महावग्गात मात्र कथा पुढे जाते. इतर भिक्खूंनी त्याची सेवा का केली नाही, असे विचारता उत्तर मिळाले, की तो कोणाच्या उपयोगी पडत नव्हता. तेव्हा तथागतांनी केवळ करुणेचा उपदेश केला नाही, नियम घालून दिला. आजाऱ्याची सेवा उपाध्यायाने करावी. उपाध्याय नसेल तर आचार्याने, शिष्याने, सहाध्यायाने. आणि यांपैकी कोणीही नसेल तर संघाने करावी. न केल्यास तो दोष होय. जबाबदारी कोणाची, तो नसेल तर नंतर कोणाची, हे क्रमवार ठरवून दिलेले आहे. आपल्या विहारात वंदना रोज होते, आणि आजाऱ्याची जबाबदारी कोणाची हे मात्र ठरलेले नसते.

ते कसे ठरवावे, याविषयी अनुभवाच्या चार गोष्टी सांगतो. विहाराच्या किंवा महिला मंडळाच्या पुढाकाराने पाच-सात जणांचे आरोग्य मंडळ करा. त्यात पुढारी कमी असले तरी चालतील; एखादी निवृत्त परिचारिका, एखादा शाळामास्तर, वस्तीतील आशाताई आणि रात्री-अपरात्री हाक मारली तर उठणारे दोन तरुण पाहिजेत. वस्तीतील प्रत्येक घराची शिधापत्रिका, आधारपत्र आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला यांच्या प्रती त्या-त्या घराच्या संमतीने एका फायलीत असाव्यात. कुटुंबावर आपत्ती येते ती रविवारी रात्री, आणि दाखला मिळतो तो पंधरा दिवसांनी. दोघांची भेट कधीच होत नाही. म्हणून दाखले निरोगीपणी काढून ठेवावयाचे, आणि मुदत संपण्यापूर्वी नवे करून घ्यावयाचे. काही नवदीक्षित कुटुंबांना शंका असते, की कागदावर बौद्ध लिहिले तर ही सवलत जाईल काय? या खाटेला ना जातीचा दाखला लागतो, ना धर्माचा. उत्पन्न एवढाच निकष आहे.

आणि म्हणूनच हे मंडळ केवळ आपल्या घरांपुरते ठेवू नका. नाल्यापलीकडचे मातंग, मागच्या गल्लीतले मुसलमान, पालावरचे भटके, गावाकडून आलेला कर्जबाजारी मराठा शेतकरी या सर्वांचे येणे त्याच निधीत आहे. दहा घरांचा अर्ज कारकून बाजूस सारतो. चार वस्त्यांचे मंडळ दारात उभे राहिले, की त्याच कारकुनाला खुर्ची आठवते.

रुग्णालयात गेल्यावर समाजसेवा विभागात जाऊन वैद्यकीय समाजसेवकास भेटा. खाट मागावयाची ती लेखी अर्जाने, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख-वेळेसह पोच घ्यावयाची. पोच देत नसतील तर तोच अर्ज तेथल्या तेथे ई-मेलने पाठवा. तोंडी नकाराला पुरावा नसतो. आपली शेकडा नव्वद भांडणे याच एका कारणाने वाया जातात, हे मी रोज पाहतो. खाट रिकामी नाही असे म्हणतील, तर तेवढे लिहून मागा. राखीव आणि रिकाम्या खाटांची माहिती रुग्णालयांनी धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर भरावयाची असते; वस्तीतला कोणताही मुलगा ती मोबाइलवर पाहू शकतो. लेखी नकार आणि संकेतस्थळावरील आकडा यांत तफावत निघाली, तर तक्रार आपोआप तयार झाली. ती धर्मादाय आयुक्तांच्या जिल्ह्यातील कार्यालयात द्यावयाची. एक सावधगिरी सांगून ठेवतो. या रुग्णालयांत झाडणारे, रुग्ण उचलणारे, रात्रपाळी करणाऱ्या परिचारिका यांत आपलीच पुष्कळ माणसे आहेत, आणि कोणती खाट रिकामी आहे हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. त्यांचा सल्ला घ्या, पण कोणत्याही कागदावर त्यांचे नाव येऊ देऊ नका.

खेड्यातील वाचक म्हणतील, आमच्या पंचक्रोशीत धर्मादाय रुग्णालयच नाही. त्यांची लढाई प्राथमिक आरोग्य केंद्राशी आहे, आणि तिचाही मार्ग महाराष्ट्राने पाहिलेला आहे. २००७ पासून अमरावती, नंदुरबार, तेव्हाचा उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत आरोग्यसेवेवर लोकाधारित देखरेखीचे काम सुरू झाले. गावकऱ्यांनी आपल्या केंद्राचे प्रगतिपुस्तक स्वतः भरले : डॉक्टर हजर असतात काय, औषध बाहेरून आणावयास लावतात काय, बाळंतिणीकडून पैसे घेतात काय. मग जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ते वाचून दाखविले. जेथे लोक टिकून राहिले तेथे बाहेरच्या औषधांच्या चिठ्ठ्या कमी झाल्या, डॉक्टर हजर राहू लागले. तुमच्या गावातही कागदोपत्री ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण समिती आहे. तिच्यात तुमच्या वस्तीचे कोण आहे, हे ग्रामपंचायतीत जाऊन विचारा. नाव निघेल ते कदाचित अशा माणसाचे, ज्याला आपण सभासद आहोत हेच ठाऊक नसेल.

शहरातील मंडळांनी प्रारंभ माहितीच्या अधिकाराने करावा, असे मी सुचवितो. विहाराला सर्वांत जवळचे धर्मादाय रुग्णालय निवडा. धर्मादाय कार्यालयाकडे अर्ज करून गेल्या बारा महिन्यांचा हिशोब मागा : निर्धन रुग्ण निधीत दरमहा किती जमा झाले, किती खर्च झाले, निर्धन खाटांवर किती रुग्ण दाखल झाले आणि दुर्बल घटकांच्या खाटांवर किती. अर्ज मंडळाच्या नावाने करू नका, व्यक्तीच्या नावाने करा. हा अधिकार कायद्याने नागरिकाला दिला आहे, मंडळाला नव्हे, आणि याच मुद्द्यावर अर्ज फेटाळलेले मी पाहिले आहेत. अर्जावर दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावावे लागते. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही लागत नाही. दाखल्याची प्रत जोडली की पुरे. उत्तर तीस दिवसांत यावयास हवे. न आल्यास त्याच कार्यालयातील वरिष्ठाकडे पहिले अपील करावे, त्याची मुदतही तीसच दिवसांची आहे, तेव्हा पहिला अर्ज दिल्याची तारीख विहाराच्या फळ्यावर सर्वांना दिसेल अशी लिहून ठेवा.